काशीचे घाट नावेतून बघताना: मराठी प्रवाशांचे नेहमीचे प्रश्न

काशीला चार वेळा जाऊन आल्यामुळे ओळखीतलं कोणी निघालं की फोन मला येतो. आधी शेजारच्यांचा, मग त्यांच्या व्याह्यांचा, मग व्याह्यांच्या भिशीतल्या मैत्रिणीचा. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

नावेतूनच घाट का बघायचे? चालत जाता येत नाही का?

येतं, आणि चालावंही. पण घाट बांधले ते नदीकडे तोंड करून. चालताना पायऱ्या, शेळ्या, चहावाले आणि समोरच्याची पाठ दिसते. वरचे वाडे, कमानी, बुरूज नीट दिसायचे तर पाण्यातून शंभरेक फूट लांब जावं लागतं.

शिवाय काशीची एक गंमत नावेतच कळते. गंगा इथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. सगळं जुनं शहर पश्चिम तीरावर आहे आणि समोरच्या पूर्व तीरावर वाळूच वाळू. त्यामुळे उगवत्या सूर्याची किरणं मध्ये काहीही आडवं न येता थेट घाटांवर पडतात.

फेरी कुठून कुठे असते? वेळ किती लागतो?

दक्षिणेला असी घाट, उत्तरेला राजघाट आणि त्याच्या पुढे नवा नमो घाट. मधे साधारण साडेसहा किलोमीटरमध्ये ८४ घाट मोजले जातात. सगळ्यांत जास्त खपणारी फेरी असी ते मणिकर्णिका आणि परत, नाहीतर दशाश्वमेधवरून निघून थोडं इकडे, थोडं तिकडे. मोटरच्या नावेने त्याला तासभर लागतो. थेट नमो घाटापर्यंत जाऊन यायचं तर दीड ते दोन तास धरा.

माझा सल्ला मात्र वेगळा आहे, तो पुढच्या उत्तरात.

‘मणिकर्णिकेला नाव वळवू देऊ नका’ असं तुम्ही सगळ्यांना का सांगता?

कारण पहिल्या खेपेला माझी वळली होती. नावाड्याने चिता दाखवल्या, हात जोडले आणि ‘बस, इतनाही है’ म्हणत वल्हं उलटं मारलं. मी मान डोलावली. घरी आल्यावर नकाशा उघडला तेव्हा कळलं की आपल्या माणसांनी बांधलेली निम्मी काशी त्या वळणाच्या पुढे राहिली. आमच्या आजीच्या भाषेत, काखेत कळसा नि गावाला वळसा.

आता क्रमाने सांगतो. असीहून निघालात की लगेच डाव्या हाताला भदैनी. झाशीच्या राणीचं जन्मस्थान म्हणून तिथे स्मारक आहे. ते नावेतून दिसत नाही, घाटावरून थोडं आत चालावं लागतं. तिचं माहेरचं नाव मणिकर्णिका, तांब्यांची मनू. नाव कुठून आलं ते पुढे तासाभरात कळतंच. मग राजघाट नव्हे, नुसता ‘राजा घाट’ येतो. तो अमृतराव पेशव्यांचा, म्हणजे राघोबादादांच्या दत्तक मुलाचा. त्याच्या पुढे उंच दगडी महाल दिसेल, त्याचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतो. सगळे त्याला दरभंग्याचा महाल म्हणतात आणि ते बरोबरही आहे, पण मुळात हे बांधकाम नागपूरकरांचे मंत्री श्रीधर नारायण मुनशी यांचं. दरभंग्याच्या राजाने त्यातला भाग १९१५ मध्ये विकत घेतला. शेजारच्या घाटाला अजून मुनशी घाटच म्हणतात. आता महालात हॉटेल आहे. त्याला लागूनच अहिल्याबाई घाट. आणि मग दशाश्वमेध. तो बांधून काढण्यात आधी पेशव्यांचा आणि नंतर अहिल्याबाईंचा हात आहे.

इथवर सगळे येतात. मणिकर्णिकेलाही येतात. त्याला लागून शिंदे घाट आहे, आणि नेमकी तिथे नाव वळते.

शिंदे घाट १८३० मध्ये बायजाबाई शिंद्यांनी बांधला. बायजाबाई म्हणजे ग्वाल्हेरच्या दौलतरावांची राणी आणि कागलच्या घाटग्यांची लेक. कोल्हापूरकरांनी इथे जरा जास्त वेळ थांबायला हरकत नाही. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही बायजाबाईंचाच, १८२८ चा. घाट एवढा अवजड झाला की तो आपल्याच भाराने खचला, असं सांगतात. त्याच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचं देऊळ चांगलंच कललेलं उभं आहे. कल साधारण नऊ अंशांचा, म्हणजे पिसाच्या मनोऱ्यापेक्षा जास्त. गाभारा वर्षातले बरेच महिने पाण्यात आणि गाळात असतो. कुणा मुलाने ‘आईचं ऋण फेडलं’ म्हणून देऊळ बांधलं आणि ते तत्क्षणी कललं, अशी त्याची कथा प्रत्येक नावाडी सांगतो. प्रत्येकाच्या कथेत तो मुलगा वेगळा असतो.

मग भोसले घाट. नागपूरकर भोसल्यांचा. भिंत किल्ल्यासारखी उंच आणि खिडक्या अगदी वर. पुढे गणेश घाट, पुन्हा अमृतराव. त्यानंतर पंचगंगा.

पंचगंगेला नाव थांबवा. पायऱ्यांच्या माथ्यावर औरंगजेबाच्या काळातली मशीद दिसते. ती जुन्या बिंदुमाधवाच्या जागेवर उभी आहे. तिच्या उंच मनोऱ्यांना बनारसी लोक ‘माधवराव का धरहरा’ म्हणायचे. मनोरे आता नाहीत, नाव राहिलं. आताचं बिंदुमाधवाचं देऊळ शेजारच्या घरांच्या रांगेत लपलेलं आहे. ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलं. घाटावर दगडी दीपमाळ आहे, ती अहिल्याबाईंची म्हणून दाखवतात. जेजुरीची दीपमाळ बघून मोठं झालेल्याला इथे एकदम घरी आल्यासारखं वाटतं. याच पायऱ्यांवर पहाटेच्या अंधारात रामानंदांचा पाय कबीरावर पडला आणि तोंडून निघालेलं ‘राम’ हाच कबीराने मंत्र मानला, अशी आख्यायिका आहे. पंचगंगेच्या जरा अलीकडे बालाजीचं देऊळ आहे, तिथे बिस्मिल्ला खाँ तासन्‌तास सनईचा रियाज करत.

आणि त्यापुढे दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित इथलेच. या दोन घाटांवरच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. एका दारातून ‘अहो, दूध ऊतू चाललंय’ ऐकू आलं तेव्हा मी गल्लीतच थबकलो होतो.

म्हणजे नाव नेमकी कशी ठरवायची?

‘असी से ब्रह्मा घाट, एक तरफ का’ असं म्हणायचं. परतीचा हट्ट सोडा. असीहून उत्तरेकडे जाताना प्रवाह तुमच्या बाजूने असतो, हातनावही झरझर जाते. परत येताना तीच नाव प्रवाहाच्या विरुद्ध, काठाला चिकटून, घाम गाळत आणावी लागते. त्या वेळेत तुम्ही ब्रह्मा घाटावर उतरून गल्लीगल्लीने काळभैरवाला पोचाल. दहा-पंधरा मिनिटांची चाल आहे. काळभैरव काशीचा कोतवाल, त्याला भेटल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही म्हणतात. तिथून मैदागिनला आलं की ई-रिक्षा मिळते.

पहाटेची नाव चांगली की संध्याकाळची?

एकच करणार असाल तर पहाटेची. संध्याकाळी सूर्य शहराच्या मागे मावळतो आणि घाट सावलीत जातात.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिथे मराठी माणूस हमखास फसतो. काशी आपल्यापेक्षा बरीच पूर्वेला आहे. जूनमध्ये पुण्यात सूर्य सहाच्या जरा आधी उगवतो, काशीत पाच-सव्वापाचलाच. साडेपाचला आरामात घाटावर आलात तर ऊन चटके द्यायला लागलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत उगवती पावणेसातच्या सुमारास, पण संध्याकाळ लवकर येते. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य पाच-सव्वापाचला मावळतो. ‘चहा घेऊन सहाला निघू’ म्हणालात तर नावेतून अंधार बघाल.

उजाडण्याच्या अर्धा तास आधी पाण्यात असावं. असी घाटावर ‘सुबह-ए-बनारस’ हा पहाटेचा कार्यक्रम २०१४ पासून चालतो. आरती, मग थोडं शास्त्रीय गाणं. आरती पाहून नाव पकडता येते.

हातनाव, मोटरची नाव, बजडा, क्रूझ यांत फरक काय?

हातनाव म्हणजे वल्ह्यांची. चार-सहा माणसं. पाण्याचा आवाज, घाटावरचा मंत्र, धोब्याचा कपडा आपटण्याचा आवाज, सगळं ऐकू येतं. मला हीच आवडते. वेळ जास्त लागतो.

मोटरची नाव भराभर नेते. पूर्वी डिझेलचा धूर नाकातोंडात जायचा. २०२१ च्या सुमारापासून बऱ्याच नावांना सीएनजी इंजिनं बसली आहेत आणि खिडकिया घाटावर, म्हणजे आताच्या नमो घाटावर, तरंगता सीएनजी पंपही आहे. धूर कमी झाला, फटफट आहेच.

बजडा ही मोठी, दुमजली नाव. पन्नासेक लोकांचा यात्राकंपनीचा गट असेल तर हाच. वरच्या मजल्यावरून दिसतं छान, पण भोंग्यावर भजनं लागतात आणि ती बंद करता येत नाहीत.

क्रूझ म्हणजे वातानुकूलित खोली, काचा, खुर्च्या, स्वच्छतागृह आणि ध्वनिमुद्रित माहिती. रविदास घाटावरून सुटतात, तिकीट आधी काढता येतं. गुडघे दुखणाऱ्यांना आणि तान्हं मूल असलेल्यांना सोयीच्या. बाकीच्यांनी एवढ्या लांब येऊन काचेतून गंगा का बघावी, हे मला अजून उमगलेलं नाही.

बातम्यांत आलेली ती मोठी ‘गंगा विलास’ क्रूझ हीच का?

नाही. ती १३ जानेवारी २०२३ ला वाराणसीहून दिब्रुगढला निघाली होती. ५१ दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर. तिचा आणि तासाभराच्या घाटदर्शनाचा संबंध एवढाच की नदी एक.

भाड्यात फसवणूक होते का?

घासाघीस होते. तिला फसवणूक म्हणायचं की नाही ते तुमच्यावर आहे. बोलतानाच चार गोष्टी ठरवा: पैसे माणशी की अख्ख्या नावेचे, कुठपर्यंत, किती वेळ, आणि वाटेत थांबणार की नाही. आमचा सगळा घोळ ‘माणशी’वर झाला होता. आम्ही नावेचे समजून खुशीत बसलो, उतरताना त्याला पाचाने गुणलं गेलं. दशाश्वमेधजवळच्या गोदौलिया चौकाच्या गर्दीत ‘बोट, बोट’ करत मागे लागणाऱ्या मध्यस्थापेक्षा पाण्याजवळ नाव बांधून बसलेल्याशी थेट बोला. आदल्या संध्याकाळी ठरवून फोन नंबर घेतलात तर पहाटे शोधाशोध नको.

नावाड्याशी बोलायचं कसं?

हिंदीत, आणि आदराने. बहुतेक जण निषाद म्हणजे मल्लाह समाजाचे असतात आणि कुठल्या घाटावरून कोणी नाव हाकायची हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं. ‘भैया’ हा शब्द मुंबईत आपण ज्या सुरात वापरतो तो सूर घरी ठेवून या. इथे तो खरोखर ‘दादा’ आहे. नमस्काराच्या जागी ‘महादेव’ म्हणतात. उत्तर म्हणून तुम्ही ‘हर हर महादेव’ ठोकलंत की माणूस खुलतो. आपल्याला ती गर्जना काही परकी नाही.

नावेत कोणत्या बाजूला बसावं?

असीहून निघत असाल तर घाट डाव्या हाताला, सूर्य उजव्या हाताला. फोटोवाल्यांनी डावी बाजू पकडावी.

गंगा आरती नावेतून बघावी की घाटावर बसून?

दशाश्वमेधवर पुजारी नदीकडे तोंड करून आरती करतात, त्यामुळे समोरचं दृश्य नावेतल्यालाच मिळतं. घाटावरच्यांना बऱ्याचदा पाठ आणि धूर. पण नावा एकमेकींना इतक्या खेटून बांधतात की मधल्या नावेतला माणूस आरती संपेपर्यंत हलू शकत नाही. पाऊण तास लागतो. लघवीचा प्रश्न आधी सोडवून बसा, हे स्पष्टच लिहितो, कारण हाच प्रश्न सगळे दबक्या आवाजात विचारतात. छोट्या नावेत सोय नसते.

माझ्या आईला दशाश्वमेधच्या झगमगाटापेक्षा असीवरची आरती आवडली. गर्दी कमी आणि पुजाऱ्याचा चेहरा दिसतो.

मणिकर्णिकेजवळून मुलांना न्यावं का? फोटो काढता येतात का?

फोटो काढू नका. नावाडी ‘लांबून चालतं’ म्हणाला तरी नको. ती कोणाची तरी आई असते.

मुलांबद्दल: चिता रात्रंदिवस जळतात आणि नावेतून ज्वाळा, लाकडांचे ढीग, तिरड्या स्पष्ट दिसतात. असी आणि दशाश्वमेधच्या मधे हरिश्चंद्र घाट आहे, तिथेही तेच. त्यामुळे टाळायचं म्हटलं तरी पूर्ण टाळता येत नाही. माझी भाची तेव्हा आठ वर्षांची होती. तिने विचारलं, ‘एवढी लाकडं कुठून आणतात?’ आम्ही मोठी माणसंच गप्प झालो होतो. मुलांना आधी दोन वाक्यांत सांगून ठेवलंत तर पुरतं.

विश्वनाथाचं दर्शन आणि नाव एकत्र जमतं का?

जमतं. डिसेंबर २०२१ मध्ये खुल्या झालेल्या कॉरिडॉरचं गंगाद्वार ललिता घाटाकडे उघडतं, तिथे उतरून वर चढता येतं. फक्त मोबाइल, बॅग, चामड्याच्या वस्तू आत चालत नाहीत, म्हणून सामान सांभाळायला कोणीतरी हवं. आताचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये उभारलेलं, आणि शिखरावरचं सोनं पंजाबच्या रणजितसिंहांनी दिलेलं.

मी दर्शन वेगळ्या दिवशी करतो. रांगेची घाई डोक्यात असली की नावेत मन लागत नाही.

आई-वडील पंचाहत्तरीचे आहेत. जमेल का?

नावेत बसणं जमेल, नावेपर्यंत पोचणं अवघड. घाटाच्या पायऱ्या उंच आणि बऱ्याच ठिकाणी विनाकठड्याच्या. हिवाळा सरता सरता पाणी उतरतं, तशा पायऱ्या वाढत जातात. असीला त्या मानाने उतार सोपा आहे, नमो घाटावर गाडी जवळ येते आणि स्वच्छतागृहंही आहेत. दशाश्वमेधला गाडी गोदौलियापाशीच सोडावी लागते, पुढे गर्दीतून चालणं. नावेत चढताना नावाड्याचा हात धरा, फळीवरून एकट्याने जाऊ नका.

कोणत्या महिन्यात जावं? पावसाळ्यात नावा चालतात का?

ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत. त्याआधी गेलात तर पुराने आणलेला गाळ पायऱ्यांवर असतो आणि माणसं पाण्याच्या पाइपांनी तो धुऊन काढताना दिसतात. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत धुकं इतकं दाट पडतं की समोरचा घाट दिसत नाही, नावा उशिरा सुटतात. रेल्वेही उशिरा येते. त्याच दिवसांत पांढरे परदेशी पक्षी येतात आणि नावेभोवती कलकलाट करतात. त्यांना शेव घालू नका, विकणारे गळी पडले तरी.

जुलै ते सप्टेंबर बेभरवशाचे. पाणी वाढलं की प्रशासन नावा बंद करतं. काशीत गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं. पुरात घाट एकमेकांपासून तुटतात, आरती गच्चीवर होते, दहनसुद्धा वरच्या जागी होतं. तेव्हा जाणं झालंच तर नावेचा विषय काढू नका.

देवदिवाळीला गेलं तर?

कार्तिकी पौर्णिमा. सगळे घाट पणत्यांनी उजळतात आणि या प्रथेची सुरुवात पंचगंगेवरून झाली. दृश्य खरोखर अपूर्व. भाडी कित्येक पटींनी वाढतात आणि नावा महिनोन्‌महिने आधी ठरतात. एक योगायोग सांगतो. नाथांनी पैठणला सुरू केलेलं एकनाथी भागवत काशीत पूर्ण केलं, १५७३ मध्ये, तेही कार्तिकी पौर्णिमेलाच. शास्त्र्यांनी पोथी गंगेत टाकली आणि गंगेने ती वर झेलली, ही कथा कीर्तनात ऐकली असेलच.

सुरक्षित आहे का?

लाइफ जॅकेट मागा. नुसतं मांडीवर ठेवू नका, घाला. नावेत जास्त माणसं कोंबली तर उतरा, दुसरी मिळते. चालत्या नावेतून हात लांब करून पाणी घ्यायला वाकू नका.

रामनगरचा किल्लाही याच फेरीत होतो का?

तो पलीकडच्या तीरावर, असीच्याही वर आहे. प्रवाहाविरुद्ध जावं लागतं. रस्त्याने जा.

गंगाजल कुठे भरावं? गडू विमानातून नेता येतो का?

घाटावरच्या दुकानांत तांब्याचे छोटे गडू मिळतात आणि तिथेच झाळून बंद करून देतात. पाणी मात्र प्रवाहातलं घ्या. नावाडी मधे नाव थांबवून भरून देतो, त्याचे वेगळे पैसे मागत नाही. गडू सामानात बांधून चेक-इनला द्या, हातातल्या बॅगेत ठेवलात तर तपासणीला अडण्याची शक्यता. मावंदं करायचं असेल तर दोन गडू जास्त घ्या. येणारा प्रत्येक पाहुणा ‘आमच्यासाठी नाही आणलंस?’ विचारतोच, आणि आपल्या देवघरातला फोडून देता येत नाही.